मालगाडी निघाली कुठे?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग अधूनमधून येतो. अशाच एका ठिकाणी मुलांनी आगगाडीची प्रतिकृती मांडली होती. लंबगोल रूळ, पुठ्ठ्याचा बोगदा, लाल-हिरवा सिग्नल आणि सहा वाघिणींची मालगाडी. मी विचारले, "वाघिणींत काय भरलंय?" मुलगा गोंधळला. "बरं, माल उतरवायचा कुठे?" याला उत्तर नव्हतेच, कारण गाडी कुठेच जात नव्हती. दोष मुलाचा नाही. त्याच्याकडून आपण विजेची मोटर मागितली होती, रेल्वे मागितलीच नव्हती.

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हौशी मंडळींना हा प्रश्न फार पूर्वी पडला. फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकातच प्रतिकृती-रेल्वेची तुलना रंगभूमीशी केली होती: गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. पुढे या विचाराला दोन वाटा फुटल्या. एक कोड्यांची, दुसरी चिठ्ठ्यांची. वर्गात यांपैकी काय आणावे, हा आपला प्रश्न आहे.

कोड्यांत ब्रिटनच्या ॲलन राइट यांचे 'इंगलनूक' मला सर्वांत देखणे वाटते. तीन साइडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी राहतात. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब साइडिंगमध्ये लावायच्या. असे क्रम ८×७×६×५×४ म्हणजे ६७२० होतात. पण खरी मेख आहे ती रिकाम्या जागांत. जागा अकरा, वाघिणी आठ. काड्यापेट्या घेऊन अकराच्या अकरा जागा भरून पाहा: जिथून वाघिणी ओढाल तिथेच त्या परत ठेवाव्या लागतील. यार्ड पूर्ण भरले की ते यार्ड राहत नाही, गोदाम होते.

याहून सोपा खेळ एकाच बंद साइडिंगचा. वाघिणी १, २, ३ अशा येतात, हवे तर आत थांबतात आणि पुढे निघून जातात. मागे फिरणे नाही. तीन वाघिणींचे क्रम सहा, पण जमतात पाचच. ३-१-२ जमत नाही. ३ आधी निघायची तर १ आणि २ आत हव्यात, आणि तोंडाशी २ असल्याने १च्या आधी तीच निघणार. संगणकशास्त्रात ज्याला 'स्टॅक' म्हणतात तो हाच. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६८च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तो समजावताना रेल्वेच्या रुळांचाच आधार घेतला आहे.

इथवर उत्तम. पण कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलन यांनी १९७२मध्ये 'टाइमसेव्हर' हा खेळ आणला आणि हाती घड्याळ आले. मुद्दाम अडचणीचे, आखूड रूळ. जो कमी वेळात वाघिणी जागेवर लावेल तो जिंकला. डोक्याला व्यायाम चांगला, पण याला रेल्वेचे शंटिंग म्हणायला माझी तयारी नाही. अशी अडचण मुद्दाम कोणी आखत नाही. शिवाय खऱ्या यार्डात घाई म्हणजे अपघात. चांगला शंटर सावकाश काम करतो. मुलांच्या हाती स्टॉपवॉच देऊन आपण नेमके उलटे शिकवतो.

चिठ्ठ्यांची वाट मला अधिक प्रामाणिक वाटते. १९६१मध्ये डग स्मिथ यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्याच्या खिशात वेबिल, म्हणजे माल कोणता, कोणाकडून, कोणाकडे याची चिठ्ठी. आता वाघीण हलते ती कोणाला तरी सिमेंट हवे आहे म्हणून. तिसरी वाघीण आली आणि साइडिंगमध्ये जागा दोनच असल्या, तर ती यार्डात वाट पाहते. हे खरेखुरे आहे. खोट येते ती चार मुक्कामांच्या प्रचलित चिठ्ठीत: पलटत राहिले की पाचव्या वेळी पहिलाच मुक्काम. मागणी कधी वाढत नाही, कारखान्याला सुट्टी नसते.

वजन आणि वेळ यांचे काय? एचओ मापात प्रमाण १:८७. भरलेली ८१ टनांची वाघीण, ८७चा घन करून भागले, तर १२३ ग्रॅम भरते. रिकामी जेमतेम ३५. प्रतिकृतीत मात्र कोळसा म्हणजे प्लॅस्टिकचा ढीग, त्यामुळे दोन्ही जवळपास सारख्याच. वेळेचा घोळ याहून मजेदार. वीस किलोमीटरचा मार्ग या मापात २३० मीटर होतो; तेवढी खोली कोणाकडे असते? म्हणून मार्ग आखूड करून घड्याळ चौपट पळवतात. मग दहा मिनिटांचे शंटिंग चाळीस मिनिटांचे दिसते. पण वाघिणी आपोआप जोडल्या जातात, ब्रेकच्या नळ्या जोडाव्या लागत नाहीत. म्हणजे दोन चुका एकमेकींना थोड्याफार खोडतात. काही जण नळी जोडण्यासाठी ठरावीक वेळ थांबण्याचा नियम पाळतात. मला तो फार आवडतो.

आपल्याकडे मात्र सुट्या वाघिणींचे हे जग १९८०च्या दशकापासून मागे पडत गेले. आता बहुतेक माल अख्ख्या रेकने जातो. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राकडे जाणारा कोळसा पाहा. ५८ वाघिणींचा रेक एचओमध्येही सात मीटरहून लांब भरेल, आणि वाटेत शंटिंग काहीच नाही. मग मुलांना काय द्यायचे? फळा पुरे. समजा, एखाद्या केंद्राला रोज तीन रेक लागतात आणि खाणीपासून निघून रिकामा होऊन परतायला एका रेकला चार दिवस लागतात. म्हणजे बारा रेक हवेत. आता कोळसा उतरवायला प्रत्येक रेकमागे अर्धा दिवस जास्त लागला, तर आणखी दीड रेक, म्हणजे ८७ वाघिणी. त्या कुठून आणायच्या आणि तोवर कोणाचा माल अडवायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. पुढच्या प्रदर्शनात हा तक्ता कोणी मांडला, तर मी तिथे जरा जास्त वेळ थांबेन.