वेष्टनावरील 'नैसर्गिक' : एका विशेषणाची चिकित्सा

साबण, तेल, उटणे, मुखलेप इत्यादी प्रसाधनांच्या वेष्टनावर जे गद्य छापलेले असते त्याची दखल साहित्यसमीक्षा सहसा घेत नाही. भाषाशास्त्रही क्वचितच घेते. वस्तुतः आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढून दिवसातून अनेकदा जाणारे मुद्रित गद्य हेच होय, आणि त्याची घडण मोठी विलक्षण आहे. एकाच डबीवर दोन भाषा नांदत असतात. दर्शनी बाजूस विशेषणांची भाषा : नैसर्गिक, शुद्ध, वनौषधियुक्त, रसायनमुक्त. पाठीमागे, भिंगावाचून वाचता येऊ नये अशा बारीक अक्षरांत, लॅटिन व इंग्रजी नावांची यादी. पहिली भाषा ग्राहकासाठी असते, दुसरी कायद्यासाठी. मराठी वाचकाला पहिली कळते, पण तिच्यातून डबीतील पदार्थाविषयी काहीच कळत नाही. दुसरीत तो पदार्थ असतो, पण ती त्याला वाचता येत नाही. या दोहोंमधील अंतर विज्ञानाच्या आधारे तपासणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'निसर्ग' या शब्दाचा संस्कृतातील एक प्रमुख अर्थ 'जन्मजात स्वभाव' असा आहे. 'अमका निसर्गतःच भिडस्त आहे' असे मराठीत म्हटले जाते तेव्हा तो अर्थ अद्याप जिवंत असतो. डोंगर, नद्या, वृक्ष यांची समष्टी हा अर्थ इंग्रजी 'नेचर' या शब्दाच्या सहवासाने बळावला. वेष्टनावर आढळणारा अर्थ मात्र या दोहोंहून निराळा, तिसराच आहे. तेथे 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी'. हा अर्थ कोणत्याही कोशात नाही आणि कोणताही उत्पादक तो शब्दशः छापीत नाही. अभिधेने शब्द एवढेच सांगतो की, द्रव्य वनस्पतीपासून आले आहे. 'म्हणून अपाय होणार नाही' हे व्यंजनेने सुचविले जाते. वाच्यार्थ खरा असल्यामुळे व्यंग्यार्थावरही विश्वास बसतो, ही या शब्दाची खरी शक्ती होय. मराठी घराला याचे उत्तर पूर्वीपासून ठाऊक आहे. बिब्बा पूर्णपणे नैसर्गिक आहे; तो अंगावर उतला म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळा पुरावा नको. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही.

'नैसर्गिक'चा अर्थ असा वर चढत असता 'रसायन' या शब्दाचा अर्थ खाली घसरला, आणि या दोन घटना परस्परांवाचून घडल्या नसत्या. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे एक अंग आहे. जरा व व्याधी दूर ठेवणारा प्रयोग तो रसायन. च्यवनप्राश हे त्याचे सर्वांना परिचित असे उदाहरण. पुढे पाश्चात्य 'केमिस्ट्री'साठी 'रसायनशास्त्र' ही संज्ञा स्थिर झाली आणि तिच्या अनुषंगाने 'रसायन' म्हणजे कोणतेही निश्चित घटनेचे द्रव्य, असा अर्थविस्तार झाला. कारखान्यांची सांडपाणी, शेतातील फवारे आणि अन्नातील भेसळ यांच्या वार्तांतून तो शब्द इतका मलिन झाला की, आज 'रसायन' उच्चारताच विषाची शंका येते. अर्थापकर्षाचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात शिकविण्यास दुसरे मिळणे कठीण. त्याचा परिपाक असा की, 'आयुर्वेदिक व रसायनमुक्त' अशी शब्दावली निःशंकपणे छापली जाते. आयुर्वेदाच्या परिभाषेत हा वदतोव्याघात आहे. रसायनशास्त्राच्या परिभाषेत ती अशक्य गोष्ट आहे, कारण पाणी हेही एक रसायनच होय.

नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यामध्ये द्रव्यदृष्ट्या अभेद्य भिंत आहे ही समजूत विज्ञानात १८२८ सालापासून डळमळू लागली. त्या वर्षी फ्रीड्रिख वोलर या जर्मन रसायनज्ञाने अमोनियम सायनेट या निरिंद्रिय द्रव्यापासून युरिया तयार केला. तत्पूर्वी युरिया हा प्राण्यांच्या मूत्रातून मिळणारा पदार्थ म्हणूनच माहीत होता. प्रसाधनांच्या संदर्भात या उदाहरणाला विशेष महत्त्व आहे. त्वचेच्या सर्वांत बाहेरील शृंगमय थरात पाणी धरून ठेवणारे जे घटक असतात त्यांत अमिनो आम्ले व लॅक्टिक आम्ल यांच्याबरोबर युरियाही असतो. भेगाळलेल्या टाचांना लावावयाच्या मलमांत युरिया घालतात तो याच कारणाने. आणि तो कारखान्यात तयार झालेला असतो. त्वचेतील युरिया आणि मलमातील युरिया यांचे रेणू अगदी एक. शृंगमय थराला रेणूचे कूळ विचारता येत नाही. त्याचा आकार, त्याची स्निग्धविद्राव्यता आणि त्याचे प्रमाण एवढेच त्याला कळते. पाचशे डाल्टनहून अधिक वजनाचे रेणू सामान्यतः अखंड त्वचेतून आत जात नाहीत, असा नियम २००० साली बॉस व माइनार्डी यांनी मांडला. कोलॅजनच्या रेणूचे वजन सुमारे तीन लक्ष डाल्टन भरते. ते त्वचेत 'खोलवर' जाते असे सांगणाऱ्या लेखनाविषयी अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

तथापि एवढ्यावरून 'नैसर्गिक' हा शब्द सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वनस्पतीचा अर्क आणि त्यातील एकटा रेणू यांत भेद आहेच, पण तो पावित्र्याचा नसून मिश्रणाचा आहे. अर्कात अनेक द्रव्ये असतात; त्यांची प्रमाणे जमीन, ऋतू व काढण्याची रीत यांनुसार बदलतात. या भेदाचे परिणाम किती दूरवर जातात हे बावचीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

संस्कृत 'बाकुची', मराठी 'बावची'; स्वरमध्य 'क' लोप पावून झालेले हे रूप आहे. श्वित्रावर, म्हणजे कोडावर, या वनस्पतीच्या बियांचा उपयोग आयुर्वेदाने फार पूर्वीपासून सांगितला आहे. त्या बियांतून बाकुचिओल हे द्रव्य वेगळे करून त्याची माहिती १९६६ साली प्रसिद्ध झाली. हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव, गोवर्धन मेहता व नायक यांनी केले. पुढे जवळजवळ अर्धशतक प्रसाधनांच्या बाजारात या नावाचा गवगवा नव्हता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बाकुचिओलमुळे त्वचेतील जनुकांच्या कार्यात होणारे बदल रेटिनॉलमुळे होणाऱ्या बदलांशी ताडून पाहण्यात आले, आणि त्याला कार्याच्या दृष्टीने 'रेटिनॉलसदृश' असे म्हटले गेले. नंतर २०१९ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. चव्वेचाळीस व्यक्ती, बारा आठवडे. एका गटाला ०.५ टक्के बाकुचिओल, दुसऱ्याला ०.५ टक्के रेटिनॉल. सुरकुत्या व काळसर डाग दोन्ही गटांत कमी झाले आणि दोहोंत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. रेटिनॉलच्या गटात कोंडा सुटणे व झोंबणे अधिक होते. निष्कर्ष आशादायक आहे. पण बाकुचिओल दिवसातून दोनदा लावले जात होते व रेटिनॉल एकदा, आणि चव्वेचाळीस ही संख्या फार मोठी नव्हे, हेही त्याच निबंधात वाचावयास मिळते.

वेष्टनावर आता या द्रव्याचे नाव काय आहे? 'नैसर्गिक रेटिनॉल'. येथे जे घडले त्याचे वर्णन आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत अचूक करता येते. संशोधकाने उपमा योजिली होती. तिच्यात 'सदृश' हे वाचक पद होते आणि 'कार्य' हा साधारण धर्मही स्पष्ट सांगितला होता. जाहिरातीने प्रथम साधारण धर्म गाळला, नंतर वाचक पद गाळले, आणि उपमेचे रूपक केले : बाकुचिओल हेच रेटिनॉल. मुख हाच चंद्र असे म्हटल्याने कोणाची फसगत होत नाही, कारण काव्यात आहार्य ज्ञान असते. अभेद खोटा आहे हे कवी व रसिक दोघेही जाणून असतात. वेष्टनाच्या वाचकाला ते ज्ञान नसते. बाकुचिओल व रेटिनॉल यांच्या रेणूंच्या घडणीत फारसे साम्य नाही. दोन्ही नावांच्या शेवटी ऐकू येणारा 'ओल' हा प्रत्यय रेणूत हायड्रॉक्सिल गट आहे एवढेच सांगतो. तोच प्रत्यय ग्लिसरॉलच्याही शेवटी आहे आणि मेंथॉलच्याही. उच्चारसाम्याने अर्थसाम्याचा भास उत्पन्न करणे हा भाषेचा जुना खेळ आहे. येथे तो विक्रीच्या कामी आला.

याहून गंभीर प्रकार पुढे आहे. त्याच बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्वचेवर सोरालेन असताना अतिनील किरण पडले तर ते पेशींतील डी. एन. ए.शी बंध जोडते आणि त्वचा भाजल्यासारखी होते. कोडावरील बावचीच्या उपयोगाचे रहस्य त्याच्याच प्रकाशसंवेदी गुणात आहे, आणि गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून सोरासिसवरही वैद्यांच्या देखरेखीखाली सोरालेन व किरण यांचा एकत्र उपचार होत आला आहे. म्हणजे शुद्ध केलेले बाकुचिओल आणि बावचीचे तेल या दोन भिन्न वस्तू होत. पहिली अधिक 'कृत्रिम', कारण तिच्यावर अधिक प्रक्रिया झालेली असते, व मुखलेप म्हणून तीच अधिक सुरक्षित. दुसरी अधिक 'नैसर्गिक' आणि उन्हात जाणाऱ्या मनुष्यासाठी अधिक धोक्याची. 'बावचीयुक्त' हे विशेषण दोहोंनाही सारखेच लागू पडते. विशेषण खोटे नसूनही ग्राहकाला जे एकमेव जाणून घ्यावयास हवे तेच ते लपविते.

रिठ्याचा विचार थोडक्यात करता येईल. त्याच्या फळातील सॅपोनिनांच्या रेणूचे एक अंग पाण्याला व दुसरे तेलाला धरते, म्हणून फेस येतो व मळ निघतो. तेलापासून बनविलेल्या सोडियम लॉरिल सल्फेटचेही तत्त्व हेच. आणि ते तेल नारळाचे असू शकते. वनस्पतिशास्त्राने रिठ्याच्या प्रजातीला 'सॅपिंडस', म्हणजे भारतीय साबण, असे नाव दिलेले आहे. जाता जाता असेही नमूद करता येईल की, 'शाम्पू' हा शब्द हिंदी 'चाँपना' या क्रियापदावरून इंग्रजीत गेला व तेथे मुळात अंग रगडणे या अर्थी वापरला जाई. पाटण्याच्या शेख दीन महंमद याने ब्रायटन येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशा स्नानगृहाची ख्याती केली. 'हर्बल शाम्पू' म्हणून तो शब्द परत आला तेव्हा त्याला कोणी ओळखले नाही.

अलीकडे विशेषणाच्या जोडीला संख्या आली आहे : 'पंच्याण्णव टक्के नैसर्गिक उद्गमाचे घटक'. संख्येमुळे विधानाला शास्त्राचे वजन येते. परंतु आय. एस. ओ. १६१२८ या मानकानुसार (त्याचे दोन भाग २०१६ व २०१७ साली निघाले) उद्गमाची टक्केवारी काढताना पाणीही नैसर्गिकच धरता येते, आणि पुष्कळशा मुखलेपांत सर्वाधिक भाग पाण्याचाच असतो. शिवाय एखाद्या द्रव्याच्या रेणुभाराचा निम्म्याहून अधिक अंश नैसर्गिक असला की, ते 'नैसर्गिकजन्य' या वर्गात बसू शकते. मागील बाजूच्या यादीचाही एक संकेत लक्षात ठेवण्याजोगा आहे : एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, त्याहून कमी असलेल्यांना क्रमाचे बंधन नाही. त्यामुळे दर्शनी बाजूवर ज्याचे चित्र आहे ते केशर यादीच्या शेपटात सुगंधी द्रव्याच्या आगेमागे कोठेही असू शकते. परिरक्षकांची जी निंदा चालते तीही येथेच समजते. पाणी व वनस्पतीचा अर्क एकत्र आले की, जंतूंना ते उत्तम खाद्य होते. परिरक्षक नसेल तर मलम नासते. दिवाळीच्या उटण्याला परिरक्षक लागत नाही, पण ते त्याच्या पावित्र्यामुळे नव्हे. ते कोरडे असते आणि भिजवून लगेच वापरले जाते.

हळदीच्या बाबतीत जाहिरातदार नेहमी पेटंटच्या वादाचा दाखला देतात. जखमेवर हळद लावण्याबाबत १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आक्षेपामुळे १९९७ साली रद्द झाले. हा विजय डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील परिषदेचा खराच. पण तेथे सिद्ध झाले ते एवढेच की, हा उपयोग भारतात आधीपासून ज्ञात होता. 'ज्ञात' आणि 'प्रमाणित' हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व प्रकाशात टिकत नाही. उलट, खोबरेलाच्या बाजूने पुरावा चांगला आहे : केसांतील प्रथिनांचा क्षय ते कमी करते आणि खनिज तेल वा सूर्यफुलाचे तेल तसे करीत नाही, असे २००३ साली मुंबईत झालेल्या कामातून दिसून आले. ते काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले, हे सांगितले पाहिजे; परंतु लॉरिक आम्लाच्या सरळ व आखूड साखळीमुळे ते केसाच्या आत शिरते ही उपपत्ती पटण्यासारखी आहे.

यावर असा आक्षेप येईल की, जाहिरात हा अर्थवाद आहे. स्तुतिपर वाक्याचा शब्दशः अर्थ मीमांसकही घेत नाहीत. आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण मीमांसेत अर्थवाद विधीला पोषक असतो, त्याच्या जागी बसत नाही. वेष्टनावर 'रात्री लावावे, दिवसा उन्हापासून जपावे' हा विधी बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच, आणि 'नैसर्गिक' हा अर्थवाद त्याचे काम स्वतःकडे घेतो : जपण्याचे कारणच नाही असे सुचवितो. कायद्याचा हात अभिधेपर्यंत सहज पोहोचतो, व्यंजनेपर्यंत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 'नैसर्गिक' यासारख्या मोघम शब्दांना पुरावा व खुलासा जोडण्याचे बंधन आहे, परंतु त्यांचा रोख पर्यावरणविषयक दाव्यांवर आहे.

हे गद्य कोणीतरी लिहीत असते. मराठी घेऊन पदवी मिळविलेल्यांपैकी काहींना अनुवादाच्या निमित्ताने हेच काम मिळते, आणि इंग्रजी मजकुरातील 'नॅचरल' समोर आला की, 'नैसर्गिक' लिहून मोकळे होणे सोपे असते. मराठीला दुसरे काही सांगता येत नाही असे मात्र नाही. 'बावचीच्या बियांतून काढलेले बाकुचिओल, ०.५ टक्के. सोरालेन काढून टाकलेले आहे. सुगंधी द्रव्य नाही.' या तीन वाक्यांना दर्शनी बाजूवरील विशेषणांपेक्षा जागा कमी लागते, आणि त्यांतील एकही शब्द मराठी वाचकाला भिंगाने शोधावा लागत नाही.