पिल्लांची छायाचित्रे आणि त्यांची साक्ष

वन्य पशुपक्ष्यांच्या पिल्लांचे छायाचित्र पाहून ज्याचे मन द्रवत नाही असा मनुष्य विरळा. परंतु मन द्रवले म्हणजे चित्र उत्तम ठरले, हा न्याय जसा काव्यात टिकत नाही तसा येथेही टिकत नाही. पिल्लाचे गोजिरेपण ही निसर्गाची देणगी होय. तिचे श्रेय छायाचित्रकाराच्या पदरी कसे घालावे? मग त्याची स्वतःची कमाई ती कोणती?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या चित्रात सापडते. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातील पक्षी. ब्रिटनमध्ये त्याची वीण बंद पडली, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समजूत होऊन बसली होती. १९११ साली एमा टर्नर या विदुषीने नॉर्फकमधील पाणथळ प्रदेशात या पक्ष्याच्या पिल्लाचे छायाचित्र घेतले, आणि ती वीण पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा मिळाला. बिटर्नचे पिल्लू रूपाने काही देखणे नसते; अंगावर विस्कटलेली लव, आणि मान व चोच लांबच लांब. तथापि त्या चित्राचे मोल रूपात नसून साक्षीत आहे. येथे हा जीव जन्मला, एवढेच ते सांगते. आणि तेवढे पुरेसे आहे.

चित्र ही साक्ष मानली, की तिला दोन अटी आपोआप लागू होतात. साक्ष खरी असावी, ही पहिली. आणि ती मिळविताना पिल्लाचा घात होऊ नये, ही दुसरी. या कलेचे आद्य उपासक, यॉर्कशायरचे रिचर्ड व चेरी कीअर्टन हे बंधू, यांनी या दोन्ही अटींचा मेळ घालण्याचा मार्ग दाखविला. १८९५ साली प्रसिद्ध झालेला पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रत्यक्ष छायाचित्रांनीच सजलेला आहे. पाखरांना संशय येऊ नये म्हणून पुढे त्यांनी बैलाचे पोकळ सोंग तयार करविले व त्यात कॅमेऱ्यासह लपून बसण्याची युक्ती योजिली. हे वाचून हसू येते खरे. पण पाखराने आपल्या सोयीने वागावे असा हट्ट न धरता स्वतःच बैल व्हावयाचे, यात केवढा विनय आहे!

अर्वाचीन काळी या अटींची ताटातूट झालेली दिसते. २०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या चित्रमालिकेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्ले दाखविली गेली. ती दृश्ये हिमप्रदेशातील नसून नेदरलँड्समधील एका प्राणिसंग्रहालयातील होती, हे पुढे गाजले. खऱ्या बिळात कॅमेरा नेला असता तर आईने पिल्लू तरी मारले असते किंवा माणूस तरी, असे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांनी समर्थन केले, आणि ते आम्हांस मान्य आहे. पिल्लांना उपद्रव झाला नाही, हे उत्तमच. दोष आहे तो मौनाचा. खुलासा संकेतस्थळावर होता, निवेदनात नव्हता. साक्षीदाराने आपण कोठे उभे होतो हे त्याच वेळी सांगावयास नको काय?

आपल्याकडे याच्या उलट प्रकार घडतो. चित्र खरे, स्थळ खरे. पण ते साधण्यासाठी घरट्यावरील आडोशाची पाने बाजूस सारलेली असतात. मग ऊन थेट पिल्लांवर येते आणि कावळ्याचीही दृष्टी तेथे पोहोचते. भ्यालेली आई लांबच्या फांदीवर ओरडत बसते, भुकेलेली पिल्ले चोची वासतात, आणि त्या वासलेल्या चोचींस आपण ‘किती गोड!’ म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्यांस व अंड्यांस उपद्रव देणेही घातले आहे. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणजे शिकारीपण सुटले, असे मानणाऱ्यांनी ही व्याख्या एकवार वाचावी.

दोहोंपैकी कोणता अपराध मोठा? आमच्या मते दुसरा. असत्य साक्ष खुलाशाने सुधारता येते. उघडे पडलेले घरटे पुन्हा झाकता येईलच असे नाही. छायाचित्रकारास आपण वाहवा देतो, म्हणून या अपराधात आपलाही वाटा आहे. यापुढे असे चित्र मुलांपुढे ठेवताना पिल्लाच्या रूपाचे कौतुक अवश्य करावे. पण त्याची आई त्या वेळी कोठे होती, हेही त्यांस विचारावयास शिकवावे.