डबलडेकरचा वाद : जतन नेमके कशाचे?

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्ट उपक्रमाची शेवटची साधी डबलडेकर बस अंधेरी पूर्वेच्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावून सेवेतून निवृत्त झाली. तिला हार घातले होते, फुगे बांधले होते, आणि निरोप देण्यासाठी बसप्रेमी मंडळी आवर्जून जमली होती. पुढे ५ ऑक्टोबरला पर्यटकांसाठी चालणारी उघड्या छताची गाडीही थांबली. एखादे वाहन पंधरा वर्षांचे आयुर्मान संपून मोडीत निघते, ही नगरव्यवस्थेतील नित्याची घटना होय; वाङ्मयाच्या विभागाने तिची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या निमित्ताने जो वाद झाला, आणि गिरगाव, दादर, परळ या भागांत जो अद्याप चवीने चालतो, तो मुळात सौंदर्यशास्त्रीय वाद आहे. वाद घालणाऱ्यांना तो तसा वाटत नाही, इतकेच. जुनी वस्तू नवी करताना तिच्यातील काय राहिले म्हणजे ‘ती’ राहिली, हा तो प्रश्न. ‘सौभद्रा’चा प्रयोग आज तीन तासांत बसवताना कोणती पदे गाळावीत यावर आपण भांडतो, तेव्हा आपणही हाच प्रश्न विचारीत असतो.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. मुंबईला उंचावरून रस्ता पाहण्याची सवय बसने लावली नाही, ट्रामने लावली. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची, आणि १९२० साली तिच्यावर दुसरा मजला चढला. दुमजली बस आली ती १९३७ साली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिची आठवण आज ‘दादर टी. टी.’ या नावातील एका अक्षरात उरली आहे, आणि ते अक्षर कशाचे हे दादरच्याच अनेकांना सांगता येत नाही. ट्रामचा वारसा डबलडेकरने चालविला. एके काळी बेस्टच्या ताफ्यात अशा सुमारे नऊशे गाड्या होत्या. एका गाडीला दोन वाहक, इंधनाचा मोठा खर्च, उड्डाणपुलांची आणि झाडांच्या फांद्यांची अडचण, अशा कारणांनी ही संख्या घटत गेली आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मात्र निवृत्तीपूर्वीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर रस्त्यावर आली होती. तिचा रंग लालच आहे. तिला दोन जिने आहेत, आपोआप मिटणारी दारे आहेत आणि न उघडणाऱ्या मोठ्या काचा आहेत.

येथे चाहत्यांत फूट पडते. पहिला पक्ष म्हणतो की, जुन्या गाड्यांपैकी निदान एक-दोन दुरुस्त करून जपाव्यात, आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात ठेवाव्यात. तशी मागणी प्रवाशांच्या संघटनेने रीतसर केलीही होती. दुसरा पक्ष म्हणतो की, गाडी दुमजली आहे, लाल आहे, मुंबईची आहे. मग नवी डबलडेकर ही डबलडेकरच, आणि जुनीसाठी गळा काढणे म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. तिसराही एक पक्ष आहे; त्याची भाषा सर्वांत कमी अलंकारिक असल्यामुळे तो वादात फारसा ऐकू येत नाही. त्याच्याकडे पुढे वळू.

पहिल्या दोन पक्षांचा दोष एकच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोघेही गाडीला वस्तू समजतात. एकाला तिचा पत्रा हवा आहे, दुसऱ्याला तिची आकृती पुरते. परंतु ज्यासाठी माणसे डबलडेकरवर लोभ ठेवीत, ते ना पत्र्यात होते ना आकृतीत. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाके पकडण्यासाठी शाळकरी मुले आणि पेन्शनर सारख्याच घाईने जिना चढत. त्या बाकांसमोर खिडकी उघडी असे आणि वारा सरळ तोंडावर येई. वळणावर गाडी कलली म्हणजे खालच्या मजल्यावर नुसता धक्का बसे. वर मात्र आपण पुढच्या इमारतीत शिरणार असे क्षणभर वाटे. फांद्या टपावर खरडत. खालून वाहकाच्या चिमट्याची टकटक वर येई. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बसलेल्या माणसाची दृष्टी बरोबर चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या पातळीला येई. गॅलरीत धान्य निवडणारी बाई, दोरीवरची धोतरे, कठड्याला रेलून वर्तमानपत्र वाचणारे आजोबा ही सर्व मंडळी प्रवाशाला हाताच्या अंतरावर दिसत, आणि (हे विसरता कामा नये) त्यांनाही प्रवासी दिसे. गाडी सिग्नलला थांबली तर दोन्हीकडून दोन शब्दही होत. रस्त्यावरून चालणाऱ्याला गॅलरी मान वर करून पाहावी लागते; डबलडेकरच्या प्रवाशाला ती समोरासमोर भेटे.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सौंदर्याचा विचार ऐंद्रिय संवेदनांच्या लयबद्ध रचनेवर उभा केला. संवाद, विरोध आणि समतोल हे तिचे नियम सांगितले. ती मीमांसा त्यांनी कलाकृतीसाठी मांडली, बसगाडीसाठी नव्हे, आणि ती येथे जशीच्या तशी लावणे हा तिच्यावर अन्याय होईल. बस कोठेतरी पोहोचविते. तिचे सौंदर्य तिच्या उपयोगापासून सुटे करता येत नाही. तथापि मर्ढेकरांपासून एक शिस्त येथे अवश्य घेता येते. अनुभवाबद्दल बोलताना त्याचा विषय कोणता हे सांगून थांबू नये. त्यात कोणत्या संवेदना, कोणत्या संबंधाने एकत्र आल्या हे पाहावे. ही कसोटी लावली की नव्या गाडीविषयीचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ असा लागत नाही. उंची राहिली. कलण्याची भीतीही थोडी राहिली, जरी विजेच्या मोटारीमुळे इंजिनाची घरघर गेली. गेला तो वारा, गेला आवाज, आणि गॅलरीशी असलेला संबंध एकतर्फी झाला. काचेआडचा प्रवासी गॅलरी पाहतो, पण गॅलरीच्या लेखी तो आता उपस्थित नाही. पूर्वी जी भेट होती तिचे दर्शन झाले. दर्शनालाही किंमत आहे. पण दोन्ही एकच आहेत असे म्हणणाऱ्यांनी आपली इंद्रिये तपासून घ्यावीत.

हाच वाद इतरत्र कसा सुटला हे पाहणे उपयुक्त ठरेल. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर १९२७ साली सुरू झाला. समुद्रकाठच्या हवेत लाकूड कुजते; म्हणून त्याचे लाकडी रूळ वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने बदलले गेले, आणि गेल्या दशकात त्याची मोठी डागडुजी झाली. आज त्यात १९२७ चे लाकूड किती शिल्लक असेल हा प्रश्न गौण आहे. चढाव, पहिला उतार, वळणांचा क्रम हे राहिले, आणि बसणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो तो त्याच जागी पडतो. अशा चक्रांचे चाहते फार काटेकोर असतात. उतार गुळगुळीत केला, धक्के काढले की ‘दुरुस्त केले, पण मारून टाकले’ असे ते म्हणतात. त्यांच्या अतिरेकाला हसता येईल. पण जतन मार्गाचे करायचे, लाकडाचे नव्हे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी समजले आहे.

लंडनचा दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथील ‘रूटमास्टर’ ही जुनी दुमजली बस ९ डिसेंबर २००५ रोजी नित्याच्या सेवेतून गेली. तत्पूर्वी तिच्यातील अनेक गाड्यांची इंजिने बदलून त्यांचे आयुष्य वाढविण्यात आले होते, आणि निवृत्तीनंतरही काही गाड्या दोन मार्गांवर वारसा म्हणून धावत राहिल्या. संग्रहालयात उभ्या केल्या नाहीत, धावत ठेवल्या, हा भेद महत्त्वाचा आहे. २०१२ साली टॉमस हेदरविक यांच्या आराखड्यानुसार नवी गाडी आली. दिसायला देखणी, मागे जुन्यासारखा उघडा फलाटही. मात्र खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. उन्हाळ्यात प्रवासी घामाने निथळू लागले, तक्रारी वाढल्या, आणि २०१५ पासून त्या गाड्यांना उघडणाऱ्या खिडक्या बसविण्याचे काम खर्चासह अंगावर घ्यावे लागले. पूर्वरूपाची आठवण करून देणारी वळणे आराखड्यात आली होती. पूर्वरूपाचा श्वास राहून गेला होता. मुंबईच्या पहिल्या पक्षाने येथून एक बोध घ्यावा. आणिकच्या संग्रहालयात उभी केलेली डबलडेकर ही पिंजऱ्यातल्या पक्ष्यापेक्षाही कमी आहे; पक्षी निदान फडफडतो.

आता तिसरा पक्ष. आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा परळहून रोज येणारी एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “सर, मला खिडकी उघडी मिळाली नाही तरी चालेल. गाडी आली पाहिजे.” वर्गात हशा पिकला, तो पिकायला नको होता. तिच्या वाक्यातील व्यथा खरी आहे. नव्या डबलडेकरांचा करार दोनशे गाड्यांचा होता. प्रत्यक्षात आल्या त्या पन्नासच्या आसपास, आणि त्याही भाडेतत्त्वावर. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा रुपये झाले. मे महिन्याच्या दुपारी लालबागच्या थांब्यावर चाळीस मिनिटे उभी राहिलेली बाई गार गाडीत शिरते तेव्हा तिला वाऱ्याच्या सौंदर्याविषयी व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. स्मृतीचा आस्वाद घेणारे बहुधा तेच असतात ज्यांना आता बसने जावे लागत नाही. प्रस्तुत लेखकही त्यात मोडतो.

परंतु या आक्षेपाने पहिला प्रश्न खोटा ठरत नाही. जुन्या डबलडेकरचे वैशिष्ट्य असे की, तिथे उपयोग आणि आनंद एकाच तिकिटात मिळत. आनंदासाठी वेगळी गाडी, वेगळा मार्ग, वेगळे भाडे नव्हते. गिरणीतून सुटलेला कामगार आणि सुट्टीत मामाकडे आलेला मुलगा एकाच बाकावर बसत. एक डुलकी काढी, दुसरा नाक काचेला लावी. आज हे दोन हेतू वेगळे काढले जात आहेत. प्रवास जमिनीखाली जातो आणि आनंद पर्यटनखात्याकडे. मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. दादर, गिरगाव, काळबादेवी ही तिची स्थानके आहेत. ती जलद आहे, गार आहे, वेळेवर आहे, आणि त्या विद्यार्थिनीच्या मागणीला ती काही प्रमाणात उत्तरही देते. मात्र तिच्यातून जाणाऱ्याला गिरगाव हे पाटीवरील नाव म्हणून कळते. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या क्रिकेट संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून निघाली तेव्हा उघड्या छताची बस गुजरातमधून आणली गेली, यावरून बराच आरडाओरडा झाला. तो बराचसा राजकीय होता. पण त्यामागची टोचणी निराळी होती. आनंदाची गाडी आता आपल्या आगारात नाही, हे शहराला त्या संध्याकाळी दिसले.

या दृष्टीने पाहता, एखाद्या जुन्या डबलडेकरला विजेची मोटार बसवून, पुढच्या दोन खिडक्या उघडणाऱ्या ठेवून, ती साध्या भाड्यात नित्याच्या मार्गावर चालविणे हा मार्ग दोन्ही पक्षांच्या मागण्यांपेक्षा अधिक समंजस वाटतो. इंजिन बदलावे, खिडकी बदलू नये. नव्या गाड्यांतही समोरच्या काचेला एक झडप देता येणे अशक्य नसावे. गारव्याचे गणित थोडे बिघडेल, ते बिघडू द्यावे.

एक अडचण मात्र कोणत्याही आगारात दुरुस्त होणारी नाही. मध्यंतरी या लेखाच्या निमित्ताने लालबाग ते परळ हे अंतर पायी चाललो. जुन्या चाळींच्या जागी जे मनोरे उभे राहिले आहेत त्यांचे खालचे चार-पाच मजले बहुधा मोटारी ठेवण्यासाठी आहेत. माणसे त्यांच्या वर राहतात. उद्या ती दुरुस्त केलेली डबलडेकर, उघड्या खिडकीनिशी, या रस्त्याने निघालीच, तर वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावर बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीच्या पातळीला एका ओळीत उभ्या केलेल्या मोटारी येतील.