पंचवीस पौंड आणि एक बेंटले

माझ्याकडे ॲस्टन मार्टिन आहे. हे वाक्य मी चारचौघांत एकदाच उच्चारून पाहिले. ऐकणाऱ्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिले आणि मग आमच्या सौ.कडे. ती शांतपणे म्हणाली, "आहे ना! काचेच्या कपाटात, बडीशेपेच्या डबीशेजारी."

गाडी वीतभरसुद्धा लांब नाही. कॉर्गी कंपनीने १९६५ साली काढलेली जेम्स बाँडच्या डीबी ५ची ती प्रतिकृती. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने ती विलायतेहून आणली. चित्रपटातली गाडी रुपेरी आणि खेळण्यातली सोनेरी; पण आम्हांला दोन्ही धातू सारखेच परके, त्यामुळे तक्रार नव्हती. बाजूची कळ दाबली की छप्पर उघडून शेजारच्या सीटवरचा माणूस हवेत उडतो. आमचा माणूस १९६८ साली उडाला, तो अजून सापडलेला नाही.

तेव्हापासून मी ब्रिटिश ग्रँड टूरर गाड्यांचा समीक्षक आहे. मला गाडी चालवता येत नाही हे खरे. पण गाण्यावर लिहिणाऱ्याला कुणी आधी षड्ज लावायला सांगतो का?

तर ग्रँड टूरर म्हणजे काय? अठराव्या शतकात इंग्रज सरदार-जमीनदारांची मुले शिक्षण आटोपले की वर्ष-दोन वर्षे फ्रान्स-इटलीची वारी करून येत. तिला 'ग्रँड टूर' म्हणत. गाडीला मात्र हे नाव इटालियनांनी दिले: ग्रान तुरिस्मो. म्हणजे अशी गाडी, की दोघाचौघांनी सामानासकट बसावे, सकाळी निघावे, सातआठशे किलोमीटर तुडवावेत आणि संध्याकाळी उतरताना कपड्यांची इस्त्री व नवराबायकोचे संबंध दोन्ही शाबूत असावेत. शर्यतीची गाडी वेगासाठी असते, ही अंतरासाठी. शर्यतीच्या गाडीने नुसती द्रुत तान मारली तरी चालते. हिला विलंबित तासभर रंगवता आले पाहिजे आणि दम लागलेला दिसता कामा नये.

या कसोटीला माझ्या मते पुरी उतरली ती १९५२ची बेंटले आर-टाइप कॉन्टिनेन्टल. साडेचार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि एच. जे. मुलिनर यांच्याकडे घडलेले ॲल्युमिनियमचे अंग. वजन वाचावे म्हणून सीटचे सांगाडे आणि बंपरसुद्धा हलक्या धातूचे. छप्पर मागे असे उतरत जाते, की ते कुठे संपले आणि गाडी कुठे संपली हे बोट ठेवून सांगता येऊ नये. पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या ट्रॅकवर नमुन्याची गाडी ताशी ११८ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १९० किलोमीटरच्या सरासरीने फिरली. नमुना धरून अशा एकूण २०८ गाड्या निघाल्या. एवढी तर आमच्या गल्लीत माणसे आहेत.

हे सगळे मी एकदा शेजारच्या नानांना रंगवून सांगितले. नाना ऐकून घेतात. त्यांचा दोष एवढाच, की नंतर बोलतात. म्हणाले, "साहेब गेला, जाताना टोपी विसरून गेला, आणि तुम्ही अजून त्या टोपीला सलाम ठोकताय!"

हे लागले. तीन दिवस मी कपाट उघडले नाही. आपल्या वाडवडिलांना ज्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोंबले, त्यांच्या गाडीच्या छपराचा उतार मी कसला वर्णन करतो? पण सवय वाईट. चौथ्या दिवशी सनावळ्या चाळताना एक आकडा हाती लागला आणि मी सावरून बसलो.

आकडा होता पंचवीस. १९५२ साली ब्रिटन युद्ध जिंकून सात वर्षे झाली होती, आणि साखर, लोणी, मटण अजून रेशनवर होते. साखर सुटली १९५३ साली, मटण १९५४ साली. सरकारच्या तिजोरीत परकीय चलनाचा असा खडखडाट, की परदेशी सहलीला जाणाऱ्याला माणशी वर्षाला अवघ्या पंचवीस पौंडांची परवानगी! आता गंमत बघा. गाडीचे नाव कॉन्टिनेन्टल; म्हणजे खाडी ओलांडून युरोप पालथा घालण्यासाठी जन्मलेली. आणि ती बनवणाऱ्या देशातला माणूस खाडी ओलांडणार पंचवीस पौंडांत! गाडी नीसला पोचेल हो, पण मालकाने तिथे खायचे काय?

म्हणून तर ती सुरुवातीला फक्त निर्यातीसाठी होती. हापूसची पेटी परदेशाला, डागी फळ घरच्यांना. हा हिशेब आपल्याला समजावून सांगायला नको. घरात तिच्यासाठी रस्तादेखील नव्हता. ब्रिटनमध्ये मोटारवेचा पहिला तुकडा प्रेस्टनजवळ १९५८ साली उघडला. पुढे रस्ते वाढले, तर १९६५च्या डिसेंबरात ताशी ७० मैलांची मर्यादा आली. दात होते तेव्हा चणे नव्हते. चणे आले आणि डॉक्टरांनी चणे बंद केले.

आता इतर गाड्यांकडे वळतो. जॅग्वारची ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. पाहायला इतकी गर्दी, की एक गाडी पुरेना. तेव्हा नॉर्मन ड्युइस यांनी दुसरी कॉव्हेन्ट्रीहून रातोरात चालवत नेली. रूपात ती बेंटलेच्याही पुढे, किमतीत ॲस्टनच्या निम्म्याच्या आसपास. पण ग्रँड टूरर म्हणून मी तिला पूर्ण गुण देणार नाही. आत दोघेच, उंच माणसाने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न, आणि १९६४पर्यंत पहिल्या गिअरला सिन्क्रोमेशही नव्हता. लग्नात मिरवावी, संसाराला घेऊ नये.

ॲस्टन मार्टिन घेतली डेव्हिड ब्राउन यांनी. गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारा कारखानदार. १९४७ साली २०,५०० पौंडांना त्यांनी कंपनी विकत घेतली आणि गाड्यांना स्वतःची आद्याक्षरे दिली, डीबी. डीबी ५चे कपडे मिलानच्या टूरिंग या शिंप्याच्या पद्धतीने बेतलेले. माझ्या मते बेंटलेखालोखाल हीच. ब्रिस्टल ही विमाने बनवणाऱ्यांची गाडी: समोरच्या एका मडगार्डमागे जादा चाक, दुसऱ्यामागे बॅटरी, आणि जगभरात मिळून एकच शोरूम, लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर. जेन्सनच्या इंटरसेप्टरला अंग इटालियन वळणाचे आणि इंजिन अमेरिकन क्रायस्लरचे.

यांतल्या एकालाही हिशेब जमला नाही. डेव्हिड ब्राउन यांनी १९७२ साली कंपनी विकली आणि १९७४च्या अखेरीला तिला टाळे लागले. ती पुन्हा उघडली, पण नव्या धन्याच्या पैशावर. जेन्सन १९७६ साली मिटली. ब्रिस्टलचा शेवटचा दिवा २०२० साली विझला. हाताने पत्रा ठोकायचा, वर्षाला मूठभर गाड्या विकायच्या आणि पुढच्या हौशी श्रीमंताची वाट पाहायची, याला धंदा म्हणत नाहीत. समीक्षक म्हणून मला हे लिहिलेच पाहिजे.

नाना जन्मभर अँबॅसडरमध्ये फिरले, तीही ऑफिसच्या. ती अँबॅसडर म्हणजे मूळची विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि मॉरिस व जॅग्वार १९६६ साली एकाच कंपनीच्या छपराखाली आल्या. म्हणजे नानांची अँबॅसडर ई-टाइपची सासरकडून नातेवाईक. हे मी सांगितले तेव्हा ते गप्प झाले. २००८ साली टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या, त्या दिवशी मात्र हेच नाना पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. म्हणाले, "साहेबाची टोपी आपल्या खुंटीला!"

पेढा खाल्ला. पण माझे उत्तर वेगळे आहे. ही टोपी साहेबाची नव्हतीच, नाना. खिशात रेशनची पुस्तिका घेऊन शोरूमच्या काचेला नाक लावणाऱ्या लंडनच्या कारकुनाला ती परवडत नव्हती आणि मलाही नाही. आम्ही एकाच रांगेतले. साखरेच्या रांगेत उभा राहिलेला माणूसच इतक्या लांबच्या प्रवासाचे स्वप्न इतके बारकाईने पाहू शकतो. ज्याला रोज जायला मिळते त्याला कशाला लागते? या गाड्यांची मोहिनी मला त्यात दिसते. त्या पोचण्यासाठी कमी आणि निघण्यासाठी जास्त बनवलेल्या आहेत.

मामाने जग पाहिले ते धक्क्यांपुरते. बंदरात उतरताना त्याच्याही हातावर मोजकेच परकीय चलन पडायचे. स्वतःला लोकरी गळपट्टा घ्यायचा त्याने ठरवले होते, असे आई पुढे कधीतरी म्हणाली. घेतली ती गाडी.

आमची ही हल्ली कपाट आवरताना गाडी पुसून पुन्हा जागेवर ठेवते, कळेला मात्र हात लावत नाही. उडालेला माणूस मी आता शोधत नाही. तो बहुधा नीसला पोचला असावा. पंचवीस पौंडांत भागवत असेल.