डोळे झाकून छापणारी टेम्प्लेटं

७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथन ३.१४ आलं आणि सोबत टी-स्ट्रिंग घेऊन आलं. पुढच्याच महिन्यात हेल्म ४ आलं. पहिल्या बातमीने मी खूश झालो, दुसरीने डोकं फिरलं, आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे. पायथनमध्ये आता अवतरणचिन्हाआधी ‘टी’ लावला की हाती स्ट्रिंग येतच नाही. पक्का मजकूर एकीकडे, त्यात घालायची मूल्यं दुसरीकडे, असा सुटा ऐवज येतो. तो एचटीएमएलसाठी जोडायचा की एसक्यूएलसाठी, हे ज्याला कळतं त्याने जोडावा. एफ-स्ट्रिंगने २०१६पासून लावलेली ‘घे आणि चिकटव’ ही सवय मोडायची सोय भाषेनेच करून दिली. हेल्मच्या नव्या आवृत्तीत बरंच काही बदललं. यॅमल मात्र अजूनही अक्षराला अक्षर चिकटवूनच तयार होतं.

टेम्प्लेट इंजिनाला मी एकच कसोटी लावतो: जे छापलं जातंय ते कुठे जाणार आहे, याचा त्याला पत्ता आहे का? महिरपी कंस एक की दोन, लूप कसा लिहायचा, एका टेम्प्लेटाने दुसऱ्याचा वारसा घ्यायचा की नाही, हा आवडीनिवडीचा मामला. या कसोटीवर अतिशय चांगलं आणि अतिशय वाईट, असं दोन्ही काम गो भाषेतल्या एकाच पार्सरवर उभं आहे. म्हणून मुक्काम तिथेच.

रॉब पाइकचं २०११चं सिडनीतलं लेक्सरवरचं व्याख्यान वाचकांनी पाहिलेलं असेलच. अवस्था म्हणजे एक फंक्शन, आणि ते पुढची अवस्था, म्हणजे पुन्हा फंक्शनच, परत करतं. टेक्स्ट-टेम्प्लेटचा लेक्सर आजही त्या व्याख्यानाच्या आधाराने वाचता येतो. टोकन पोचवणारी गोरूटीन मागाहून काढली गेली, घाट तोच राहिला. पार्सर म्हणून त्याला नावं ठेवायला माझ्याकडे काही नाही. घोळ होतो तो फाइल आत घेताना.

‘पार्सफाइल्स’ला दोन पत्ते देऊन बघा: युजर्स फोल्डरमधली ‘इंडेक्स.टीएमपीएल’ आणि ऑर्डर्स फोल्डरमधली ‘इंडेक्स.टीएमपीएल’. फोल्डरचं नाव गळून पडतं, फाइलीचं तेवढं उरतं, आणि दुसरी फाइल पहिलीच्या जागी निमूट जाऊन बसते. एरर नाही, इशारा नाही. ग्राहकांच्या पानावर ऑर्डरींची यादी. हे वागणं दस्तऐवजात स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे, म्हणजे चुकून झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे. त्याने माझा राग वाढतोच. दुसरा प्रकार असा, की ‘न्यू’ने ‘पान’ नावाचं टेम्प्लेट काढायचं आणि त्यावर पार्सफाइल्स चालवायचं. मजकूर फाइलीच्या नावावर जमा होतो, ‘पान’ रिकामंच राहतं, आणि एक्झिक्यूट केलं की ‘इनकम्प्लीट ऑर एम्प्टी टेम्प्लेट’. फाइल तर डोळ्यांसमोर भरलेली दिसते! शिवाय सापेक्ष पत्ता मोजला जातो तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून चालवला तिथपासून, म्हणून मशीनवर बिनबोभाट चालणारा कोड टेस्टमध्ये ‘नो सच फाइल’ म्हणत पडतो.

फेब्रुवारी २०२१मध्ये गो १.१६ने एम्बेड आणलं आणि यातला शेवटचा त्रास मुळातून गेला. टेम्प्लेटं बायनरीच्या पोटात बसली, पार्सएफएस ती तिथूनच उचलू लागलं, आणि सांगितलेली फाइल जागेवर नसेल तर बिल्डच होईना. वरून ‘मस्ट’ लावलं की वाक्यरचनेत चूक असलेलं टेम्प्लेट पहिली विनंती येण्याआधीच प्रोग्रॅम पाडतं, आणि तो पडायलाच हवा. हँडलरच्या आत दर विनंतीला फाइल नव्याने वाचणारा, नव्याने पार्स करणारा कोड अजूनही लिहिला जातो, तो ‘बदल लगेच दिसतात’ या सबबीवर. बदल लगेच दिसतात तशी कंस विसरल्याची एररही लगेच दिसते, फक्त ती ग्राहकाला दिसते. एम्बेडनेही एक खोडी ठेवलीच आहे. नुसतं फोल्डरचं नाव दिलं, तर टिंबाने किंवा अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या फाइली आत घेतल्याच जात नाहीत. पानाच्या तुकड्यांची नावं अंडरस्कोअरने सुरू करायची रेल्समधली सवय घेऊन आलेल्याचं हेडर-फूटर इथे गायब. १.१८मध्ये ‘ऑल’चा उपसर्ग आला तेव्हा कुठे ही वाट सरळ झाली.

आता एचटीएमएल-टेम्प्लेट. ज्याच्यासाठी मी हा लेख लिहिला असता, हेल्म नसतं तरीही. २०११मध्ये गूगलच्या माइक सॅम्युएलने गोच्या टेम्प्लेटांना जागा ओळखून एस्केप करायला शिकवलं. एकच मूल्य, समजा ओ'ब्रायन हे आडनाव, तीन ठिकाणी घाला: परिच्छेदात, लिंकच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे, आणि ऑनक्लिकमधल्या फंक्शनच्या कंसात. टेम्प्लेटात तिन्ही ठिकाणी तेच जोडमहिरपी कंस आणि आत टिंब. बाहेर पडताना परिच्छेदात त्या वरच्या चिन्हाचा एचटीएमएल संकेत होतो, पत्त्यात टक्केचिन्ह आणि २७ होतं, आणि फंक्शनला अवतरणांसकट पुरती जावास्क्रिप्ट स्ट्रिंग मिळते. लिहिणाऱ्याने काहीही सांगितलेलं नसतं. इंजिन पार्स केलेल्या झाडावरून चालत जातं, आपण टॅगमध्ये आहोत, अॅट्रिब्यूटमध्ये की स्क्रिप्टमध्ये याची नोंद ठेवतं, आणि प्रत्येक जागी योग्य ते फंक्शन आपणहून जोडतं. ‘इफ’ची एक फांदी अॅट्रिब्यूटच्या आत संपली आणि दुसरी बाहेर, तर ते चक्क नकार देतं. एप्रिल २०२३मध्ये जावास्क्रिप्टच्या बॅकटिकमध्ये त्याची फसगत होते हे जाहीर झालं, तेव्हाची दुरुस्तीही याच स्वभावाला धरून होती: बॅकटिकच्या आत मूल्य घालाल तर एरर. कळत नसेल तर छापू नये, हे बाणेदार वागणं सॉफ्टवेअरमध्ये दुर्मीळ आहे.

पण माझ्या लाडक्यालाही सोडत नाही. हे सगळं शहाणपण जागं होतं पहिल्या एक्झिक्यूटला, पार्सच्या वेळी नव्हे. म्हणजे ‘मस्ट’ पार झालं, सर्व्हर दिमाखात उभा राहिला, आणि ‘फांद्या वेगळ्या संदर्भात संपतात’ ही तक्रार आली ती कुणीतरी ते पान उघडल्यावर. नसलेल्या फील्डचं नावही तेव्हाच कळतं. सर्व्हर सुरू होताना प्रत्येक टेम्प्लेट खोट्या डेटावर एकदा चालवून निकाल फेकून द्यावा. मी तसंच करतो. हे मुळात लायब्ररीचं काम होतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मस्टॅशने ‘लॉजिक नको’ म्हणत सगळं लॉजिक डेटा तयार करणाऱ्याच्या गळ्यात घातलं. जिंजा लिहायला देखणं, पण ऑटोएस्केप मुळात बंद. फ्लास्क ते चालू करतं, तेही फाइलीचं एक्स्टेंशन बघून. जेएसएक्सला झाड कळतं, त्याचं बरं चाललंय. रस्टमधलं अस्कामा आणि गोमधलं टेम्प्ल टेम्प्लेटाचा कोड करून कंपाइलरपुढे उभं करतात, फील्डचं नाव चुकलं तर बिल्ड थांबतो, आणि फाइल कधी लोड करायची हा प्रश्नच उरत नाही. पुढची दहा वर्षं यांची असावीत, असं मला वाटतं.

आणि मग हेल्म. याच पार्सरचं टेक्स्ट-टेम्प्लेट हे भावंड, ज्याला आपण काय छापतोय याची काडीची कल्पना नसते, ते उचलून कुबरनेटिसच्या यॅमलवर बसवलं. नव्या चार्टचा जो नमुना हेल्म स्वतः काढून देतं, त्यातली ‘रिसोर्सेस’ची ओळ उघडा. मूल्यांची फाइल आधीच पार्स होऊन झाड झालेली आहे. ‘टूयॅमल’ने त्या झाडाचा पुन्हा मजकूर केला. ‘एनइंडेंट १२’ने त्याच्या प्रत्येक ओळीआधी बारा जागा सोडल्या. मग ते सगळं पुन्हा पार्स होऊन झाड झालं. मधल्या बारा जागा मोजल्या कुणी? माणसाने, स्क्रीनला नाक लावून. बाराऐवजी दहा लिहिल्या तर ‘लिमिट्स’ हे ‘रिसोर्सेस’च्या पोटातून निघून शेजारी येऊन बसतं, ‘रिसोर्सेस’ रिकामं पडतं, आणि यॅमल म्हणून ते निर्दोष असतं. पकडलंच तर पुढे कुबरनेटिसची स्कीमा पकडेल. टेम्प्लेटाच्या गावीही नसतं.

नावांचा तोच जुना रोग इथेही आहे. ‘डिफाइन’ने दिलेली नावं सगळ्या चार्टमध्ये मिळून एकच, दोन उपचार्टनी एकच नाव वापरलं तर जे शेवटी लोड होईल ते जिंकतं. पार्सफाइल्सने फोल्डर गिळलं, हेल्मने चार्ट गिळला. नॉर्वेचा ‘एनओ’ हा कोड अवतरणांशिवाय गेला की यॅमलचे जुन्या नियमांचे पार्सर त्याचा ‘असत्य’ करतात, म्हणून ‘कोट’ लावायची आठवण ठेवायची ती चार्ट लिहिणाऱ्याने, प्रत्येक ठिकाणी. पीएचपीमध्ये ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ लावायला विसरू नका असं आपण एके काळी नवख्यांना बजावत होतो. माणसाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, हा धडा एचटीएमएलवाल्यांनी २०११मध्ये याच भाषेत, याच पार्सरवर घेतला. कुबरनेटिसवाल्यांनी तो बाजूला ठेवला आणि एनइंडेंट पाठ केलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हेल्म सगळ्यांना येतं, आणि मजकुराच्या टेम्प्लेटातून काहीही काढता येतं, यॅमल असो, एनजिनएक्सची कॉन्फिग असो. पहिला मुद्दा खरा आहे आणि तो सवयीचा पुरावा आहे, गुणवत्तेचा नव्हे. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर ‘काहीही काढता येतं’ हीच माझी तक्रार आहे. त्या ‘काहीही’त तुटकं यॅमलही आलं. कस्टमाइझ झाडावरच काम करतं. जेसॉनेट आणि क्यू यांच्यात इंडेंट मोजण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे डेटा शेवटपर्यंत डेटाच राहतो. पर्याय नाहीत असं म्हणायची सोय उरलेली नाही. आता तर पायथनसारख्या जुन्या, सावध भाषेनेही तुकडे वेगळे ठेवायची व्यवस्था थेट व्याकरणात आणली. चौथ्या आवृत्तीपर्यंत पोचलेल्या हेल्मकडून निदान ‘हे मूल्य या झाडाच्या या फांदीवर ठेव’ एवढं म्हणायची एक वाट मागणं म्हणजे फार मागणं नव्हे. तोवर त्याच्या चार्टमध्ये टेक्स्ट-टेम्प्लेट खऱ्या अर्थाने शोभतं ती फाइल एकच: ‘नोट्स.टीएक्सटी’, जी इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलवर माणसासाठी छापली जाते आणि जिच्यात दोन जागा कमी पडल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही.