पक्ष्यांचें उड्डाण आणि क्षणाची निवड

छायाचित्र ही कला कीं नुसती कारागिरी, हा वाद जुना आहे. परंतु उडत्या पक्ष्यांचीं छायाचित्रें पाहतांना तो जितक्या तीव्रतेनें मनांत उभा राहतो, तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल. आकाशांतून झेपावणारा पक्षी जागच्या जागीं खिळवून टाकावा, त्याचें एकेक पीस मोजतां यावें, पंखांचीं टोकेंदेखील यत्किंचित् पुसट होऊं नयेत, हा आज या क्षेत्रांतला सर्वमान्य आदर्श होऊन बसला आहे. हा आदर्श साध्य कसा होतो, हा शास्त्राचा प्रश्न. आणि साध्य झाल्यावर हातीं काय लागतें, हा रसिकतेचा. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेंच येथें पुष्कळशी स्तुति अस्थानीं खर्ची पडते.

प्रथम शास्त्राचा भाग पाहूं. सेकंदास १५ मीटर वेगानें जाणारा पक्षी एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत १५ मिलिमीटर पुढें सरकतो. शटर १/४००० सेकंदच उघडें ठेवलें, तर हें अंतर ४ मिलिमीटरांच्याही आंत येतें. छायाचित्रकार पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवीत गेला, म्हणजे धडाचा वेग बराचसा निष्प्रभ होतो. परंतु पंख धडाशीं निराळी हालचाल करीत असल्यामुळें त्यांना शटरनेंच जिंकावें लागतें. गुंजन पक्ष्यांच्या कांहीं जातींचे पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास हेलकावे घेतात. तेथें सामान्य शटरही हात टेकतें, आणि मग उजेडच क्षणभंगुर करावा लागतो. अमेरिकेंतील हॅरॉल्ड एजर्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेच्या फ्लॅशची जी साधना केली, तिचें मर्म हेंच: शटर किती वेळ उघडें आहे याला महत्त्व नाहीं, लखलखाट किती वेळ टिकला, याला आहे.

या साऱ्या खटाटोपाचे आद्य पुरुष एतियेन-झ्यूल मारे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होत. १८८२ सालीं त्यांनीं बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. तो सेकंदास १२ चित्रें घेई, आणि प्रत्येक चित्राला अवघा १/७२० सेकंद पुरे. पंख नेमका कसा हलतो, एवढीच त्यांची जिज्ञासा होती. पक्ष्यांच्या उड्डाणावरील आपला ग्रंथ त्यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केला, तोही शास्त्रज्ञ म्हणूनच. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मारे यांच्या अनेक चित्रांत एकाच काचेवर पक्ष्याच्या लागोपाठच्या अवस्था उमटलेल्या दिसतात. त्यांनीं क्षण थांबविला खरा; पण त्याला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडलें नाहीं. आजचें एकटें, लखलखीत चित्र त्याला तोडतें.

नेमका हाच आक्षेप शिल्पकार रोदें यांनीं घेतला होता. पॉल ग्सेल यांच्याशीं झालेल्या व १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत त्यांचा मुद्दा असा, कीं काळ प्रत्यक्षांत कधींच थांबत नाहीं. म्हणून तो थांबल्याचें दाखविणारें छायाचित्र असत्य, आणि एका अवस्थेंतून दुसरींत जाणारी गति सुचविणारा कलावंत सत्य. त्याहीपूर्वीं, १७६६ सालीं, लेसिंगनें ‘लाओकून’ या प्रबंधांत सांगून ठेवलें होतें कीं चित्रकाराच्या वांट्याला एकच क्षण येतो. म्हणून ज्यांत मागचें आणि पुढचें अधिकांत अधिक सामावेल, तोच त्यानें निवडावा. आमच्या मते रोदेंचा आक्षेप जेथें संपतो, तेथून लेसिंगचें उत्तर सुरू होतें. दोष क्षण थांबविण्यांत नाहीं. वाटेल तो क्षण थांबविण्यांत आहे.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील एरिक हॉस्किंग यांचें १९४८ सालचें गव्हाणी घुबडाचें चित्र. १९३७ सालीं एका घुबडाच्याच हल्ल्यांत या गृहस्थांचा एक डोळा गेला होता. तरी घुबडांचा नाद सुटला नाहीं. चित्रांतलें घुबड सर्वस्वीं स्तब्ध आहे. पंख राजचिन्हावरील पक्ष्याप्रमाणें वर उभारलेले, चोंचींत शेतांतला उंदीर. रोदेंच्या न्यायानें हें चित्र मृत ठरावें. परंतु तें ठरत नाहीं. चोंचींतलें भक्ष्य मागें झालेली शिकार सांगतें व पुढें वाट पाहणारें घरटें सुचवितें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत पळत्या हरिणाच्या तोंडांतून अर्धवट चघळलेलें गवत वाटेवर गळतें. तेथें कवीनें जें त्या गवताकडून करून घेतलें, तेंच येथें त्या उंदराकडून झालें आहे. पिसांचा रेखीवपणा चित्राला शोभा देतो. प्राण देतें तें हें सूचन.

आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस चित्रें सहज घेतात, पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधतात, आणि कांहीं तर बटण दाबण्यापूर्वींचे क्षणही सांठवून ठेवतात. मग छायाचित्रकाराचें कर्तृत्व उरलें कोठें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं तें नाहींसें झालें नाहीं, त्यानें जागा बदलली. निवड पूर्वीं बोटाची होती, आतां ती डोळ्याची झाली. आणि शेंकडों चित्रांतून एक उचलणें ही सोपी परीक्षा नव्हे. खेद एवढाच, कीं ती निवड बहुधा रेखीवपणाच्या एकाच कसोटीवर होते. टोकांशीं किंचित् पुसट झालेला पंख पुष्कळदां पक्ष्याचा आवेग अधिक प्रामाणिकपणें सांगतो; परंतु तेंच चित्र प्रथम टाकून दिलें जातें. यंत्रानें जें जिंकलें त्याचें श्रेय यंत्राला द्यावें. छायाचित्रकाराला मात्र एकच प्रश्न विचारावा: हा पक्षी कोठून आला आणि कोठें निघाला आहे, हें तुमच्या चित्रांत दिसतें काय?