‘सुहूर’ कीं ‘सुरू’?

वारजे येथील एका संग्राहकांनीं जुन्या पत्रांच्या नकला आम्हांस तपासावयास दिल्या. अक्षर सुवाच्य आहे. परंतु मुळांतील ‘सुहूर सन’ नकलकारानें सर्वत्र ‘सुरू सन’ असें ‘शुद्ध’ करून ‘चालू वर्ष’ असा अर्थ लाविला आहे. तो ग्राह्य नाहीं. ‘सुरू’ हें अरबी ‘शुरूअ’ म्हणजे आरंभ, यापासून आलें. ‘सुहूर’ हें मासवाचक अरबी ‘शह्र’ शब्दाचें अनेकवचन ‘शुहूर’ होय. दोहोंचे धातु भिन्न.

संस्कृतज्ञास निराळा मोह पडतो. सूर्य मृग नक्षत्रीं जातांच हें वर्ष बदलतें, म्हणून त्यास मृगसालही म्हणत. तेव्हां ‘सूर’ म्हणजे सूर्य, ही व्युत्पत्ति आम्हीही एके काळीं वर्गांत सांगत असूं. ती चूक होती, हें येथें कबूल करितों. नांव महिन्यांचें, मान मात्र सौर, असा हा सन आहे.

ही चूक शब्दापुरती राहात नाहीं. सनाचें नांवच लोपल्यामुळें नकलकारानें पुढील अंकशब्द हिजरीचे मानिले. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तेव्हां सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१ होता. हिजरी ११६१ धरल्यास तेंच वर्ष इ. स. १७४८ ठरतें. तेरा वर्षांचें अंतर! सुहूर सनांत मृगारंभापासून डिसेंबरअखेर ५९९ व तेथून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे.

मूळ लेखकानेंच ‘सुरू’ लिहिलें असल्यास तेंही तसेंच ठेवावें. दुरुस्तीची जागा टीपेंत, संहितेंत नव्हे.